छापील नकाशासाठी कुठलं ड्रॉइंग सॉफ्टवेअर? (राजगड-तोरणा, ए३, सगळी नावं मराठीत)

डोंगरवाट

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या. आमच्या ट्रेकिंग ग्रुपने राजगड-तोरणा वाटेचा छापील नकाशा करायचं ठरवलंय, गुंजवणे आणि पालीकडून राजगड चढून संजीवनी माचीवरून आळू दरवाज्यातून उतरायचं, मग धार पकडून तोरण्याच्या बुधला माचीवर आणि खाली वेल्ह्यात. सरळ रेषेत दोन्ही गड साधारण सात किलोमीटरवर आहेत, त्यामुळे १:२५,००० ला ए३ आडव्या कागदावर सगळं बसतं, हिशोब करून पाहिलाय. गावातल्या पोरांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना हातात देता येईल असा हवाय, मोबाइलची बॅटरी गेली तरी टाकं कुठे आणि वाट कुठे फुटते ते कळलं पाहिजे.

जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसवर नोंदलेल्या वाटा) आहेत, कंटूर (समान उंचीच्या रेघा) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेत, पण तिथे नावं एकेक उचलून जागेवर बसवताना आणि कडे काढताना हात फार अडतो म्हणून शेवटचं काम ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचंय. इंकस्केप, कोरल, इलस्ट्रेटर, अफिनिटी अशी नावं ऐकून आहे. प्रेसवाले म्हणतात "कोरलमध्ये आणा".

विचारायचं खरं कारण म्हणजे गेल्या वर्षी नुसत्या राजगडाचा छोटा नकाशा ५०० प्रती छापला होता. स्क्रीनवर सुंदर, घरच्या प्रिंटरवर सुंदर, आणि छापून आला तर सगळी बारीक काळी अक्षरं कडेने लालनिळी, अनुस्वार बुजलेले, "पद्मावती तलाव" जेमतेम वाचता येतंय. त्या प्रती वाटायला मन होईना, अजून माळ्यावर आहेत. पुन्हा तसं व्हायला नको. सॉफ्टवेअरला फारसा पैसा नाही, वेळ भरपूर आहे.

शाईचा हात

बावीस वर्षं ऑफसेटवर आहे म्हणून लिहितो. तुमच्या ५०० प्रतींचं काय झालं ते न बघता सांगू शकतो. फाइल आरजीबी होती, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगांत. आरजीबीतला काळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बदलला की तो नुसता काळा राहत नाही, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांचा मिळून होतो. म्हणजे तुमचा सहा पॉइंटचा अनुस्वार चार प्लेटांवरून चार वेळा कागदावर पडतो, आणि मशिनवर रजिस्ट्रेशन (चारही प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसणं) केसभर जरी हललं तरी चार ठिपके चार ठिकाणी. मोठ्या हेडिंगला हे कळत नाही, नकाशावर लगेच कळतं.

काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर पाहिजेत, १०० टक्के के (काळा), बाकी तीन शून्य, आणि वर ओव्हरप्रिंट लावलेला पाहिजे म्हणजे खालच्या हिरव्यात अक्षराच्या आकाराचं पांढरं भोक पडत नाही. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये खात्रीने करता येईल ते घ्या, मग त्याचं नाव काही का असेना.

आणि प्रेसवाले कोरल मागतात त्याचं कारण एवढंच की आपल्याकडे निम्म्याहून जास्त ऑपरेटर त्यातच वाढले. नीट पीडीएफ दिली तर कुणी नाही म्हणत नाही. सीडीआर (कोरलची स्वतःची) फाइल देऊच नका असं माझं मत, कारण बऱ्याच ठिकाणी जुनं व्हर्जन असतं, त्यात युनिकोड मराठी उघडली की वेलांट्या सुटतात, मग ऑपरेटर काय करतो तर सगळी नावं त्याच्या श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) पुन्हा टाइप करतो. त्याला तुमची गावं माहीत नसतात. "भुतोंडे"चं "भूतोंडे" तिथे होतं.

रेघ न रेघ

इंकस्केप वापरा, फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरतं. मी गेली सहा वर्षं त्यातच नकाशे करतोय. मराठी अगदी व्यवस्थित उमटते, जोडाक्षरं, रफार सगळं. फक्त शाईचा हात यांनी सांगितलेली अडचण त्यात आहे हे कबूल, इंकस्केप मुळात आरजीबीत चालतं आणि पीडीएफही आरजीबीच काढतं. म्हणून मी शेवटची पायरी स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, तेही फुकट.

पद्धत सांगतो. इंकस्केपमध्ये रंग मोजून वापरायचे. काळा एकच, कंटूरचा तपकिरी एकच, पाण्याचा निळा एकच, वाटेचा लाल एकच. जरा गडद जरा फिका असं डोळ्याने करत बसायचं नाही. मग सगळा मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून (मूळ फाइल वेगळी जपून!) इंकस्केपची एसव्हीजी फाइल स्क्रायबसमध्ये इंपोर्ट करायची. तिथे रंगांच्या यादीत "फ्रॉमएसव्हीजी" आणि पुढे तो रंगाचा सहा आकडी कोड अशा नावाने तुमचे रंग दिसतात. सहा शून्यवाला उघडा, सीएमवायके करा, ०, ०, ०, १०० भरा, झालं, नकाशावरचं प्रत्येक काळं अक्षर एका झटक्यात शुद्ध काळं. बाकीचे रंग तसेच. आठ रंग असतील तर पाच मिनिटांचं काम, आणि वापरताना शिस्त ठेवली नसेल तर यादीत दीडशे रंग येतात, मग रडू येतं, पहिल्या नकाशाला मी ते भोगलंय.

कड्यांसाठी इंकस्केपमध्ये पाथ इफेक्टमधलं पॅटर्न अलाँग पाथ बघा. कड्याच्या काठाची एक रेघ ओढायची आणि तिला दाते लावायचे. दाते उताराच्या बाजूला आले पाहिजेत, उलटे आले तर पाथ मेन्यूतलं रिव्हर्स. संजीवनी माचीच्या दोन्ही बाजूंना कडे आहेत, तिथे हे नक्की लागणार.

भूगोलवर्ग

धागा छान आहे, पण डोंगरवाटदादा, थोडं थांबा. क्यूजीआयएसमधून फार लवकर बाहेर पडू नका. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की नकाशाचं चित्र होतं, अक्षांश-रेखांश सुटतात, नंतर एखादा ट्रॅक नव्याने टाकायचा म्हटलं की हाताने बसवावा लागतो. म्हणून जे मोजमापाचं आहे ते सगळं आधी तिथेच संपवा. यूटीएम या मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये प्रोजेक्शन, एक किलोमीटरची ग्रिड, कंटूर, ओढे, ट्रॅक. एसव्हीजी काढताना प्रत्येक लेअरचा वेगळा ग्रुप करायचा पर्याय आहे तो टिकमार्क करा, नाहीतर इंकस्केपमध्ये सगळा गुंता एकत्र येतो.

कंटूर कशावरून काढलेत? एसआरटीएम (अवकाशातून मोजलेल्या उंची) असेल तर तो दर ३० मीटरला एक उंची असा डेटा आहे, फेब्रुवारी २००० मध्ये शटलमधून घेतलेला. सह्याद्रीचा उभा कातळ त्यात घसरगुंडीसारखा दिसतो. त्यामुळे कडे हाताने काढायचं तुम्ही ठरवलंय ते अगदी योग्य. कंटूर मात्र १० मीटरचे ठेवू नका. पंचेचाळीस अंशाच्या उतारावर १० मीटरचे कंटूर १:२५,००० ला कागदावर ०.४ मिलिमीटर अंतराने येतात, तपकिरी चिखल होतो. २० मीटरचे घ्या आणि दर १०० मीटरला जाड रेघ.

आणखी एक. पडताळणीला सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट (कंटूर असलेले सरकारी नकाशे) बघणार असाल तर एक नाही, दोन लागतील. १८ अंश १५ मिनिटांची रेघ राजगडाला अगदी लागून जाते, तोरणा ४७ एफ/११ वर आणि राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ वर. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते, ओढे घेतले असतील तर नकाशावर त्यांचं श्रेय छापणं बंधनकारक आहे, जागा आत्ताच राखून ठेवा.

डोंगरवाट

भूगोलवर्गताई, कंटूर १० चेच होते, आत्ता प्रिंट काढून बघितली, झुंजार माचीखाली खरंच नुसता तपकिरी पट्टा झालाय. २० करतो.

अफिनिटीबद्दल कुणी बोललं नाही? ती दिसायला फार सुटसुटीत वाटली, सीएमवायके पण आहे.

अक्षरवेल

अफिनिटी डिझायनरच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची जोडणीच नाही, म्हणजे "किल्ला" लिहिलं की पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते. इंग्रजी नकाशाला उत्तम, मराठीला उपयोग नाही. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आधी त्यात "पायऱ्या", "दऱ्या", "किल्ला", "दुर्गम" एवढे चार शब्द टाइप करून बघा. "ऱ्य" मधला अर्धा र नीट आला आणि वेलांटी जागेवर राहिली तरच पुढे जा. आपल्या ट्रेकच्या नकाशावर पायऱ्या तर येणारच.

इलस्ट्रेटरमध्येही मराठी आपोआप येईल असं नाही, प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करून पॅराग्राफला साउथ एशियन कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं तुटलेली दिसतात आणि लोक फॉन्टला दोष देत बसतात.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. इंग्रजी नकाशांचं बघून डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब ताणून लिहायचा मोह होईल, तो टाळा. रोमन अक्षरं सुटी असतात म्हणून ताणली तरी शब्द दिसतो, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्याऐवजी अक्षर मोठं करा, वजन हलकं ठेवा, रंग करडा करा. नदीचं नाव वळणावर लिहितानाही तेच, वळण फार तीव्र असेल तर प्रत्येक अक्षर वेगळं फिरतं आणि शिरोरेषेला कोपरे येतात. गुंजवणी नदीचं नाव तिच्या सरळ पट्ट्यात ठेवा. इंग्रजी नकाशांत पाण्याची नावं तिरकी छापतात, देवनागरी तिरकी बरी दिसत नाही, निळा रंग पुरेसा आहे.

फॉन्टला मुक्ता बघा, एक टाइपचा, मोफत, सात वजनं आहेत त्यामुळे एकाच घराण्यात गाव, गड, ओढा असा फरक दाखवता येतो. गडांच्या मोठ्या नावांना टिरो देवनागरी मराठी छान दिसेल, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. एका नकाशावर हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल असं दोन्ही नको, बारीक गोष्ट आहे पण "वेल्हे" वाचताना डोळा अडखळतो. आणि सहा पॉइंटच्या खाली जाऊ नका, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही सांभाळायचे असतात, त्यामुळे सहा पॉइंट देवनागरी म्हणजे इंग्रजीच्या मानाने लहानच.

बर्फाळ देशातून

मी स्वित्झर्लंडमध्ये असतो आणि इथे ओरिएंटिअरिंग (नकाशा बघत वाट शोधत धावायचा खेळ) करतो म्हणून एक वेगळं नाव सुचवतो. ओपनओरिएंटिअरिंग मॅपर. फुकट, ओपन सोर्स, ओकॅड या स्विस सॉफ्टवेअरच्या धर्तीवरचं. हे नुसतं ड्रॉइंगचं नाही आणि क्यूजीआयएससारखं नुसतं जीआयएसही नाही, मधलं आहे. नकाशा अक्षांश-रेखांशाला बांधलेलाच राहतो, रेघा काढायची हत्यारं मात्र चित्रकाराची. कडा, ओढा, पायवाट यांची चिन्हं तयार मिळतात, नवीन करता येतात, एकदा चिन्ह बदललं की नकाशाभर बदलतं. शिवाय सगळी रचनाच छपाईच्या शायांप्रमाणे, म्हणजे कुठली शाई कुठल्या शाईच्या वर पडते ते ठरवता येतं. अँड्रॉइडवरही चालतं, गडावर फिरता फिरता टाकं तिथल्या तिथे टिपता येतं. मराठी मजकुराचं मी करून बघितलेलं नाही, अक्षरवेलची "पायऱ्या" परीक्षा त्याची पण घ्या.

शाईचा हात

बर्फाळ यांनी शायांचा विषय काढला ते बरं केलं, मी तिकडेच येणार होतो.

डोंगरवाट, तुमचे कंटूर किती जाडीचे आहेत? ०.१ मिलिमीटर धरतो. आता हा तपकिरी चार रंगांत छापायचा म्हणजे किरमिजी इतके टक्के, काळा इतके टक्के, म्हणजे ठिपक्यांची जाळी. १५० लाइनची स्क्रीन (इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी) असेल तर जाळीचं एक घर ०.१७ मिलिमीटरचं. रेघ घरापेक्षा बारीक! ती सलग येणारच नाही, तुटक ठिपके येतील. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कितीही झूम करून बघा, हे दिसत नाही.

उपाय दोन. एक, तपकिरीत निदान एक शाई १०० टक्के ठेवा, पिवळा १०० आणि किरमिजी बराच वर, म्हणजे रेघ थोडीफार सलग राहते, रंग मात्र नारिंगीकडे झुकतो. दुसरा उपाय जुना आहे आणि मला तोच आवडतो. जुन्या टोपोशीट बघा, चार रंगांची जाळी नाही, प्रत्येक रंगाची स्वतंत्र शाई. तुमच्या नकाशाला काळा, तपकिरी, निळा आणि एक लाल किंवा हिरवा एवढंच लागतंय. चार रंगांचं मशिन आहे, त्यात चार स्पेशल शाया भरल्या की प्लेटा तेवढ्याच, चारच. रोलर धुवायचे आणि शाई मिसळायचे पैसे वर लागतात, तेवढं प्रेसशी बोलून घ्या. रेघ अशी येते की भिंगाखाली धरली तरी सलग. फक्त मग मागच्या बाजूला रंगीत फोटो टाकता येणार नाहीत, निदान त्याच शायांमध्ये तरी नाही.

कागद आर्ट पेपर घेऊ नका, चकाकतो, घडीवर शाई उडते, पेनाने लिहिता येत नाही. १०० जीएसएम मॅपलिथो घ्या. नावातच मॅप आहे.

सुखवस्तू ड्रॉइंग

इलस्ट्रेटरची बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहिते. ऑफिसात रोज वापरते. स्पॉट शाई (वर सांगितलेली स्वतंत्र शाई), ओव्हरप्रिंट, प्लेट वेगळ्या करून बघणं, सगळं एकाच जागी, स्क्रायबसची फेरी नाही. मॅपब्लिशर नावाचा एक प्लगइन आहे अव्हेंझाचा, तो लावला तर अक्षांश-रेखांशही टिकतात. पण हा प्लगइन महाग आहे आणि इलस्ट्रेटर स्वतः आता भाड्यानेच मिळतं, २०१३ पासून नवीन आवृत्ती एकरकमी विकत घेता येत नाही. वर्षाला एक नकाशा करणाऱ्या ग्रुपने हे घ्यावं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांनी सुधारित आवृत्ती काढताना कुणाकडे सबस्क्रिप्शन नसेल तर फाइल उघडायची कशी? तुमचा नकाशा टिकायला हवा असेल तर एसव्हीजी बरी, साधी मजकुराची फाइल असते ती, कशातही उघडते.

एक सूचना मात्र नक्की घ्या, डोंगराला सावली देणार असाल तर ती पारदर्शक करून वर ठेवू नका. बरेच प्रेस पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा एक प्रकार) मागतात, त्यात पारदर्शकता चालतच नाही. सावलीची तयार प्रतिमा सगळ्यात खाली ठेवा, अगदी फिकी, आणि तिच्यावर रेघा.

रेघ न रेघ

+१ सावलीबद्दल. आणि स्पॉट शायांचं स्क्रायबसमध्ये होतं, त्याच रंगाच्या खिडकीत स्पॉट कलर म्हणून टिक करायची, बाकी पद्धत तीच. अजून एक, छापून आल्यावर पट्टी घेऊन ग्रिड मोजा. १:२५,००० ला एक किलोमीटर म्हणजे बरोबर ४ सेंटिमीटर. प्रिंट काढताना कुणी "फिट टू पेज" केलं की नकाशा गपचूप तीनचार टक्के आकसतो आणि कुणाला कळत नाही. म्हणून आकड्यातल्या स्केलबरोबर पट्टीचं स्केलही काढा, नकाशासोबत तेही आकसतं, त्यामुळे खरं राहतं.

डोंगरवाट

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय. मॅपर आणि इंकस्केप दोन्ही लावून बघितली. मॅपरचं टाकी टिपायचं काम मोबाइलवर फारच आवडलं, गडावर त्यानेच टिपायचं ठरवलंय. पण शेवटचं ड्रॉइंग इंकस्केपमध्ये, कारण ग्रुपमधल्या दोघांना ते आधीपासून येतं आणि नावं बसवायला तिथे हात मोकळा चालतो. मग स्क्रायबस.

रंग पाच ठेवले होते, यादीत आठ आले. तीन कुठून आले ते शोधताना कळलं की क्यूजीआयएसमधून आलेल्या ओढ्यांचा निळा वेगळा होता आणि माझा तळ्यांचा वेगळा, डोळ्याला दोन्ही सारखेच. ते एक केले, दोन काळे एक केले, आणि एक फिका हिरवा काढूनच टाकला. मग लाल आणि हिरवा यात लाल ठेवला, वाट दिसली पाहिजे म्हणून, आणि जंगलाचा हिरवा गेला. काळा, तपकिरी, निळा, लाल. चार शाया. मागचे फोटो काढले, त्या जागी आमच्यातल्या एकीने बालेकिल्ल्याच्या दरवाज्याचं आणि बुधल्याच्या सुळक्याचं रेखाचित्र काढून दिलंय, ते काळ्या आणि तपकिरीतच आहे, आणि खरं सांगायचं तर फोटोपेक्षा वाट ओळखायला जास्त उपयोगी आहे.

चारही प्लेटा वेगवेगळ्या काळ्या करून साध्या लेझरवर छापून घेतल्या, प्रेसला द्यायच्या आधी. नुसती तपकिरी प्लेट हातात धरली तर दोन्ही गड आणि मधली धार नुसत्या रेघांनी उठून दिसत होती, कितीतरी वेळ बघत बसलो. त्याच प्लेटवर एक चूकही सापडली, सुवेळा माचीच्या एका बाजूच्या कड्याचे दाते वरच्या दिशेला होते, सगळे रंग एकत्र असताना ते नजरेत आलंच नव्हतं. उलटवले.

प्रेसमध्ये शाया आणि मॅपलिथो दोन्हीला हो म्हणाले, आधी एक पट्टा छापून देणार आहेत, आळू दरवाजा ते बुधला माची. अक्षरवेल, "पायऱ्या" सहा पॉइंटला ठेवलंय, पट्टा आला की भिंगाखाली बघून सांगतो. फाइल मात्र अजून बंद केलेली नाही, धारेवरच्या एका टाक्यात उन्हाळ्यात पाणी राहतं की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत, रविवारी दोघं जण जाऊन बघून येणार आहेत. पाणी असेल तर निळा भरलेला चौकोन, नसेल तर नुसती कड.

भूगोलवर्ग

टाक्याशेजारी "मेपर्यंत" किंवा "बारमाही" असा शब्द लिहायला जागा ठेवा. नुसत्या भरलेल्या चौकोनावरून नवख्याला कळणार नाही. आणि दोन प्रती आमच्या शाळेसाठी बाजूला ठेवा, नववीच्या मुलांना कंटूर शिकवताना त्यांच्या ओळखीच्या गडाचा नकाशा समोर ठेवता येईल.